मोठ्यांचं पान, छोट्यांचं पान

“आणि मग उंच मुलीने चेंडूला सणसणीत लाथ मारली,” पंचबाईंनी बंद दाराकडे तोंड करून खणखणीत आवाजात वाचलं आणि त्या थांबल्या.

आत कॉट करकरली.

“बास्केटबॉलमध्ये लाथ नाही मारत!” दारामागून आवाज आला. “मुद्दाम मारली तर चेंडू दुसऱ्यांना देतात!”

“अस्सं होय?” पंचबाई म्हणाल्या आणि गालातल्या गालात हसल्या.

पुस्तकात लाथबीथ काही नव्हतं. पुस्तकातल्या मुलीने चेंडू दोन्ही हातांनी व्यवस्थित झेलला होता. पंचबाईंना त्यातलं सगळं कळत होतं. लग्न होऊन या गावात येईपर्यंत त्यांनी कित्येक वर्षं मुलींचे बास्केटबॉलचे सामने पंच म्हणून खेळवले होते. लक्ष सगळं हातापायांवर. खेळणारीचा चेहरा बघायला फुरसत कुणाला? पोटापाण्याला चष्म्याच्या दुकानात नोकरी. पंच आणि चष्म्याचं दुकान, यावर हरलेल्या संघांनी काय काय विनोद केले ते सांगायला नको.

या घरात मात्र ही गोष्ट त्यांनी फक्त नवऱ्याला सांगितली होती. “खेळाचं तेवढं माझ्या लेकीला सांगू नकोस,” लग्नाआधीच तो म्हणाला होता. “ते तिचं आणि तिच्या आईचं. मीही त्यात कधी शिरलो नाही.” आई जाऊन दोन वर्षं झाली होती. मागच्या भिंतीवरची रिंग तिनेच ठोकून घेतलेली. लेकीला ‘भिंगरी’ म्हणायला सुरुवातही तिनेच केलेली.

भिंगरी नव्या आईशी भांडत नसे. भांडली असती तर बरं झालं असतं. ती जेवायला येई, ताट उचलून ठेवी आणि खोलीत जाऊन दार लावून घेई. हाक मारायची वेळ आलीच तर “ऐका” म्हणे. ना काकू, ना मावशी; आई तर लांबच राहिलं. पंचबाईंच्या ते फार जिव्हारी लागे. पण हातपाय गाळणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या. या पोरीने एक दिवस आपल्याला काहीतरी म्हणून हाक मारलीच पाहिजे, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं.

म्हणून हे पुस्तक. घरच्यांनी मिळून वाचायचं: डावं पान मोठ्यांनी, उजवं छोट्यांनी. गोष्ट पाच मुलींच्या संघाची. त्यातली उंच मुलगी कुणाला म्हणून पास देत नाही आणि संघ हरत राहतो. पंचबाई रोज संध्याकाळी दाराबाहेर सतरंजी टाकून डावं पान वाचत, तेही धडधडीत चुकीचं, आणि उजव्या पानाशी अडून बसत.

“हे पान काही माझं नाही बाई,” त्या मोठ्याने म्हणत. “मला परवानगी नाही.”

नवऱ्याने कपाळाला हात लावला. “अगं, भिंतीशी बोलतेयस तू.”

“भिंतीशी नाही, दाराशी. दार उघडतं.”

आणि ते उघडलं. पंचबाईंनी एका बास्केटला तीस गुण देऊन टाकले तेव्हा दार किलकिलं झालं. पाचजणींतल्या एकीला त्यांनी गोलकीपर केलं तेव्हा भिंगरी तरातरा बाहेरच आली.

“द्या इकडे!” तिने पुस्तक ओढून घेतलं आणि डाव्या पानावरून नजर फिरवली.

तिथे गोलकीपर कुठला असायला! आता पोरीला कळणार, आणि इतक्या दिवसांची मेहनत पाण्यात जाणार.

भिंगरी मात्र सतरंजीवर बसली आणि तिने उजवं पान मोठ्याने वाचून काढलं.

त्यानंतर पंचबाईंनी चुकीचं वाचणं सोडलं आणि प्रश्न विचारायला सुरुवात केली. चेंडू काखोटीला मारून पळत सुटलं तर चालतं का? दमलं तर मधेच बसता येतं का? भिंगरी डोक्याला हात लावून समजावून सांगे. एकदा तर ती त्यांना मागच्या रिंगखाली घेऊन गेली, आणि पंचबाईंनी मोठ्या कष्टाने नेम चुकवला. त्या दिवशी त्या इतक्या खूश होत्या की भाजीत मीठच घालायला विसरल्या.

पुस्तकाच्या शेवटाकडे पंच उंच मुलीला पाचव्या फाउलवर बाहेर काढतात. ते पान भिंगरीच्या वाट्याला आलं. वाचून झाल्यावर तिने विचारलं,

“पंचांना मागाहून वाईट वाटत असेल?”

“मला काय कळतंय त्यातलं,” पंचबाई सांभाळून म्हणाल्या. “वाटत असेल.”

“वाटायला नको. फाउल होताच तो.” आणि तिने पान उलटलं.

रविवारी शाळेच्या मैदानावर सामना होता. भिंगरी “तुम्हीपण या” म्हणाली, त्यानेच पंचबाईंचं पोट भरलं. त्या नवऱ्याशेजारी जाऊन बसल्या. दोन्ही संघ मैदानात उतरले, पण पंचांचा पत्ता नाही. जिन्यावरून घसरून त्यांचा पाय मुरगळला, असा निरोप आला.

यंदाच नेमलेले सर पालकांकडे वळले. “तुमच्यापैकी कुणाला सामना खेळवता येईल का? कुणाचेही पालक चालतील, पाहुण्या संघाची हरकत नाही. नाहीतर पोरींना असंच परत पाठवावं लागेल.”

नवऱ्याने कोपराने ढोसलं. पंचबाईंनी नकारार्थी मान हलवली. उठावं तर सामना होईल, पण सतरंजीवरची ती सगळी शिकवणी नाटक होतं हे पोरीला कळेल. मग दार जे बंद होईल ते कायमचं. त्यांनी हात मांड्यांखाली दाबून धरले. स्वतःचा भित्रेपणा त्यांना मुळीच आवडला नाही, पण त्या जागच्या हलल्या नाहीत.

भिंगरी मैदानातून पळत आली ती थेट सरांपाशी.

“सर, माझ्या आईला सांगा ना.”

“त्यांना नियम येतात?”

“येतात म्हणजे काय!” भिंगरी म्हणाली. “गेल्या वर्षी आम्ही बाहेरगावी स्पर्धेला गेलो होतो, तेव्हा मला पाचव्या फाउलवर बाहेर काढलं होतं ते हिनंच.”