साफ चित्राची वायर

"तोंड वळखू यायला पाहिजे," सरजाबाई म्हणाल्या. "तसली वायर दे."

ताडकळसच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात परमेश्वरनं गल्ल्यावरून मान वर केली. "कुणाचं तोंड, मावशी?"

"चोराचं. माज्या हिरीवरून मोटारीची वायर नेली न्हाई का, त्याचं. भाच्यानं लिंबावर कॅमेरा बसवला होता. आता त्याचा चित्रं साठवायचा डबा टीव्हीला जोडायचा हाय."

चोरीला गेलेली वायर नवीकोरी, तांब्याची. आठवड्यापूर्वी परमेश्वरनंच शेतात येऊन बसवून दिली होती. गहू ओंबीत आलेला; पाणी तुटलं तर दाणा भरणार नाही, या धास्तीनं सरजाबाईंना अन्न गोड लागत नव्हतं. पण बाई खमक्या. रडगाणं गायला त्या आल्याच नव्हत्या.

परमेश्वरनं लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिनांची वायर पुढं सरकवली. "ही घ्या. स्वस्तात मस्त."

गिऱ्हाइकाच्या गळ्यात कायम महागाचा माल मारणारा माणूस आज भलताच उदार झाला होता.

"ह्याच्यात चित्र धुरकट येतंय. एचडीएमआयची दे. आन् सोन्याचं पाणी दिलेली नको, साधीच. आखूड दे. डबा टीव्हीखालीच ठेवायचा हाय, लांबलचक वायर कशाला?"

"एवढं साफ चित्र काय करायचंय, मावशी?"

"साफ दिसलं की खोटं बोलायला जागा ऱ्हात न्हाई."

परमेश्वर पाकीट फोडायला लागला.

"फोडू नको. तशीच दे."

"मग मी येतो की जोडायला. आत्ताच येतो."

"आज नको. उद्या दुपारी पोलीस पाटील यायलेत. त्यांच्या म्होरंच लावायचं. तवर कुणीच बघायचं न्हाई, असं ठरलंय."

परमेश्वरनं पाकीट तसंच पुढं केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरजाबाई शेतात गेल्या, तर विहिरीच्या काठावर वायरीचं वेटोळं नीट गुंडाळून ठेवलेलं. हातभरही कमी नव्हती. भाच्यानं ती जोडली, मोटार सुरू झाली आणि गव्हात पाणी शिरलं. सरजाबाईंना इतका आनंद झाला, की त्या बांधावर बसून एकट्याच हसल्या.

मग त्यांनी ताडकळस गाठलं आणि न फोडलेलं पाकीट परमेश्वरच्या पुढ्यात ठेवलं. "ही वायर वापस घे, बाबा."

"का?" परमेश्वरनं दाराबाहेर बघितलं. "पोलीस पाटलाला चित्र दाखवायचं न्हाई का, मावशी?"

"कशावर दाखवू? माज्या घरी टीव्हीच न्हाई," सरजाबाई म्हणाल्या. "आन् लिंबावर कॅमेराबी न्हाई."