गुलाबी डबी

"चित्राताई, तुझ्या गोळ्या संपत आल्यात गं, अजून एक डबी दे ना," फेशियलच्या खुर्चीत डोळे मिटून पडलेली अक्षदा म्हणाली. "आणि एक न्यूज आहे. दुसरा महिना लागलाय!"

चित्राचा हात तिच्या गालावरच थांबला.

"आज घेतलीस?"

"हो, सकाळीच, नाश्ता करून. पिंपल्स गेले बघ सगळे. का गं?"

ठाकुर्लीच्या त्या पार्लरमध्ये मुरुमांच्या कॅप्सूलचं पाकीट कुणाही गिऱ्हाइकाला दिसत नसे. नाव कळलं तर बाई उद्या थेट केमिस्टकडे जायची! म्हणून चित्रा एकेक कॅप्सूल काढून गुलाबी डबीत भरायची आणि वर पार्लरचं स्टिकर लावायची. आपल्या या हुशारीचं तिला फार कौतुक होतं.

तिने ड्रॉवर उघडला. पाकिटावर लाल गोलात एक पोटुशी बाई होती आणि तिच्यावर आडवी रेघ. हे चित्र तिने आज पहिल्यांदा पाहिलं असं मुळीच नाही. पाहायची आणि पाकीट कचऱ्यात टाकायची, इतकंच.

"स्टॉक संपलाय," ती म्हणाली. खोटं किती सहज निघालं! डबीवर औषधाचं नाव नव्हतं. कुणाला पत्ताही लागला नसता.

"राहू दे मग," अक्षदा हसली. "परवा डॉक्टरांनी विचारलेलं, काही औषधं चालू आहेत का. मी सरळ नाही म्हटलं. पार्लरच्या गोळ्या म्हणजे काय औषध थोडीच?"

चित्राला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतका विश्वास, आणि तोही आपल्यावर! तिने ओल्या रुमालाने अक्षदाचा चेहरा पुसायला घेतला आणि अर्धा पॅक गालावर असतानाच रुमाल बाजूला टाकला.

"ऊठ. आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे जायचंय. मी येते सोबत. आता यातली एकही घ्यायची नाही," ती म्हणाली आणि तिने पाकीट अक्षदाच्या हातात ठेवलं.

अक्षदाने ते उलटसुलट करून पाहिलं.

"ताई, या बाईवर रेघ का मारलीये?"

"चल, रिक्षात सांगते," म्हणत चित्राने शटरची चावी उचलली. मग ती पुन्हा टेबलावर ठेवली, अक्षदासमोर स्टुलावर बसली आणि तिथेच सगळं सांगितलं.