सासूबाईंच्या नावाची मुशी

किनाऱ्यालगतचे लहान शार्क, म्हणजे मुशी, ओळखण्यात संशोधकाची निम्मी हयात गेली होती. ठळक पट्ट्यांची एक मुशी हाती लागताच त्याने ती नवी जात म्हणून जाहीर केली आणि तिला थेट सासूबाईंचं नाव दिलं. त्यांच्या नजरेत वर चढायची एवढी एकच संधी त्याला लग्नापासून दिसली होती. सासूबाईंनीही मुशीचा मोठा फोटो दिवाणखान्यात लावला.

पुढे टाकीत वाढता वाढता मुशीचे पट्टे पुसट झाले. नवी जात कसली, ते जुन्याच जातीचं पिल्लू होतं. पिल्लं पट्टेदार असतात, हे तो स्वतःच वर्गात शिकवत आला होता. नाव रद्द झालं.

"आईंना तू सांग ना," तो बायकोला म्हणाला.

"शहाणपणा तुझा, निस्तर तूच."

शेवटी त्याने मान खाली घालून सगळं सांगितलं. सासूबाई उठल्या आणि त्यांनी भिंतीवरचा फोटो उतरवला.

 

"सुटले बाई एकदाची! तुमचं मन मोडायला नको म्हणून गप्प होते, जावईबापू. घरी येणारी प्रत्येक बाई आधी त्या मुशीकडे बघायची आणि मग माझ्या नाकाकडे."