चुलीपाशी कॅमेरा

"यात आपला श्रावण कुठं हाय?" धुरपताबाईने लॅपटॉपवर वाकून विचारलं.

"हा लहान डबा, माय. अन् चुलीपाशी हा मोठा, ते तू." मयुरीच्या ॲनिमेशन कॉलेजची शेवटची फिल्म होती, पाच मिनिटांची. विषय तिचा धाकटा भाऊ. तीन वर्षांचं पोर, बारा वर्षांमागे अंगणातल्या टाक्यात बुडून गेलं. "आता चेहरे नाई काढाचे. कोण कुठं होतं अन् कॅमेरा कुठं ठेवाचा, इतकंच. घर मात्र टेपनं मोजून घेतलं."

"माह्या लेकराचा डबा केला, बाई!" धुरपताबाई हसली आणि हसता हसताच तिने पदर डोळ्यांना लावला.

"समोरच टाकं होतं," दारातून कवडूजी बोलले. "ध्यान कुठं होतं, इचार तुह्या मायले."

भाजीत मीठ कमी पडलं तरी या माणसाची गाडी टाक्यावरच यायची. बारा वर्षं! बापाला काही म्हणायची मयुरीची हिंमत कधी झाली नव्हती. आज तिने मुकाट्याने माउस सरकवत लॅपटॉपमधला कॅमेरा चुलीपाशी नेला आणि बसलेल्या बाईच्या डोळ्यांइतका खाली आणला. पडद्यावर सैपाकखोलीची अर्धी भिंत आली. कॅमेरा डावीकडे वळवला, उजवीकडे वळवला. भिंतच.

"बाबा, पाहा. इथून टाकं दिसतच नाई."

"माप चुकलं असन तुह्यं. मले तर रोज दिसते."

"तुमाले उभ्यानं दिसते. चुलीपुढं बसले का कधी तुमी?"

मयुरीला रडू फुटेल की काय असं झालं. आईचा काही दोष नव्हता, नव्हताच! त्याच भरात तिने विचारलं, "अन् तुमी कुठं होते तवा?"

"खाटेवर," ते पुटपुटले.

तिने कॅमेरा ओसरीतल्या खाटेवर ठेवला. अख्खं अंगण समोर आलं. टाकं, टाक्याचा काठ, काठावरचा लहान डबा. मध्ये आडवं काहीच नव्हतं.

धुरपताबाईने पटकन पडद्यावर हात धरला. "हे नको घेऊ फिलममधी."

"तुले मालूम होतं, माय? मंग काऊन गप्प राह्यली?"

"मले सोसवते. यायले नसतं सोसवलं." तिने नवऱ्याकडे पाहिलं नाही. "रातपाळी करून आलते बिचारे. डोळा लागला होता."

कवडूजी चौकट धरून खाली बसले.

"डोळा नव्हता लागला, धुरपता. काठाकडं जातानी पाह्यलं मी त्याले." ते जमिनीकडे बघत होते. "म्हटलं, तू उठशीन."