आतला हात

मातीकामाच्या बाईंनी तार ताणली, तसा म्हातारा सुतार चाकावरूनच म्हणाला, "नको. कापू नका."

वर्ग हसला. पहिलं भांडं म्हणजे पहिलं लेकरू. पण इथली रीतच तशी होती. ज्याचं भांडं पहिल्यांदा नीट उभं राहील, त्याचं सगळ्यांसमोर मधोमध कापायचं आणि भिंत कुठे जाड, कुठे पातळ ते आतून पाहायचं. बाहेरून काय, सगळीच भांडी गुणी दिसतात.

सुताराची बायको दारात उभी होती. कौतुक बघायला या म्हणून तिला समोरच्या चित्रकलेच्या वर्गातून मुद्दाम बोलावून आणलं होतं. बोटांना अजून कोळसा होता. एरवी ती या खोलीत पाऊल टाकत नसे. तू बघितलंस की मी बावचळतो, असं त्याने पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं. मग ताटकळत बसण्यापेक्षा तिनेही समोरच्या वर्गात कागद घेतला आणि घरी सराव म्हणून त्याचा डावा हात काढू लागली. घरात न हलता बसणारा तेवढा एकच आहे, असं ती चित्रकलेच्या मास्तरांना म्हणाली होती. आजारपणात तो हात लुळा पडला होता. मधल्या बोटाचं टोक त्याच्या कितीतरी आधी करवतीखाली गेलेलं.

हात गेला म्हणून तर ती परत आली होती. लेकीकडे कायमची राहायला गेलेली बाई, एक पिशवी घेऊन आली आणि उंबऱ्यातच सांगून मोकळी झाली: हात बरा होईपर्यंत. पिशवी अजून खुंटीला होती, भरलेलीच. सकाळी ती त्याच्या शर्टाची बटणं लावायची, तेवढा वेळ दोघं समोरासमोर. आधी नुसती बटणं होती. मग शेवटच्या बटणापाशी तो काहीबाही सांगू लागला. मग तीही बोलू लागली आणि बटणांना वेळ लागू लागला. मातीने बोटं सुटतील असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा तिनेच त्याचं नाव इथे घातलं. बोटं सुटली की आपणही सुटलो, असा सरळ हिशेब.

"राहू द्या ना बाई," ती दारातून म्हणाली. "एका हाताने केलंय त्यांनी."

बाईंनी तिच्याकडे जरा नवलाने पाहिलं. पण तार काठावर टेकली होती, ती सर्रकन तळापर्यंत गेली. भांडं उघडलं.

भिंत काठापासून तळापर्यंत एकसारखी होती, रंधा मारल्यासारखी. आतून बोटांच्या सऱ्या गोल गोल वर चढत गेल्या होत्या. आणि तळाशी, चाक थांबल्यावर हात टेकला असेल तिथे, बोटांचे ठसे. त्यातलं मधलं बोट तोकडं.

ते बोट तिने कोळशाने इतक्यांदा काढलं होतं, की डोळे मिटूनही चुकली नसती.

"काकू, डावा हात चालत नाही म्हणालात, तेव्हा मीच घाबरले होते," बाई सांगत होत्या. "आणि आता बघा. भांडं उभं राहतं ते आतल्या हातावर. बाहेरचा नुसता सोबतीला असतो."

पुढचं तिला ऐकू आलं नाही. तिने दाराची चौकट धरली. आज सकाळीच तिने त्या हाताची नखं काढली होती. मांडीवर मेल्या पाखरासारखा पडला होता तो. एक नख चुकून खोल कापलं गेलं, रक्ताचा थेंब आला, तरी त्याने हू की चू केलं नव्हतं. रडली होती ती, तो हात धरून.

वर्ग पांगला तरी ती तिथेच होती. तो चाकाशी बसला होता, दोन्ही हात मनगटापर्यंत मातीत. लपवायला आता काही उरलं नव्हतं.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"पिशवी खुंटीलाच आहे तुझी," तो म्हणाला.

तिने खालच्या आवाजात विचारलं, "एवढं नाटक केलंत, तर भांडं जरा वाकडं करायचं होतं. कोण कापत होतं मग?"

"खूप ठरवलं," तो म्हणाला. "वाकडं काम हातून होईना."

त्याने नळाखाली दोन्ही हात धुतले. मातीचा डगला काढला, वर्गातल्या खुंटीवरचा पांढरा शर्ट अंगात चढवला. मग तिच्यासमोर येऊन उभा राहिला आणि गुन्हेगाराने कबुली द्यावी तसा डावा हात वर उचलला. बोटं एकदा चुकली, पण दुसऱ्यांदा त्यांना गळ्याखालचं बटण सापडलं.

ती बघत होती. अर्धं बटण काजात गेलं होतं.

तिने तो हात मनगटाला धरला आणि खाली, त्याच्या कुशीला नेऊन ठेवला. मग आपल्या काळ्या बोटांनी एकेक बटण लावत गेली. पांढऱ्या शर्टावर वरपासून खालपर्यंत कोळशाचे ठसे उमटले.

"असू दे," ती म्हणाली. "तो अजून बरा झालेला नाही."