मापाचं औषध

"गोळी पोटात जातच नाहीये, आणि तुम्ही मला सांगताय की न चुकता देता," डॉक्टर रिपोर्टवरून नजर न उचलता म्हणाले.

आईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मांडीवर पेंगुळलेली ठकी, शेजारी नणंद, आणि समोरचा हा शिकलासवरलेला माणूस तिला तोंडावर खोटारडी ठरवत होता.

"रक्त तपासायचा दिवस सोडला तर सकाळ-संध्याकाळ माझ्या हाताने देते," ती म्हणाली. "गिळली का, ते तोंड उघडायला लावून बघते."

"मग रक्तात का दिसत नाही? याही वेळी जवळजवळ काहीच नाही."

नणंद खुर्चीतून पुढे सरकली. "डॉक्टर, माझ्या वहिनीवर आळ घेऊ नका. एक वेळ स्वतः जेवायची विसरेल, पण पोरीची गोळी विसरायची नाही."

डॉक्टरांनी ते ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

ठकीला फिट यायला लागल्या, तेव्हा याच माणसाने किती गोड समजावलं होतं. हे औषध कुणाच्या अंगात टिकून राहतं, कुणाच्या अंगात लगेच विरून जातं. म्हणून सगळ्यांना सरसकट एकच डोस द्यायचा नाही. रक्तात किती उतरलंय ते मोजायचं आणि ज्याचा त्याचा डोस बेतायचा. आई कपड्यांच्या कारखान्यात शिलाई मशीनवर बसणारी. मापाचं औषध म्हटल्यावर तिला ते मनापासून पटलं होतं.

अडचण एकच होती. रक्त सकाळच्या गोळीआधी द्यायचं, आणि लॅब उघडेपर्यंत आईची शिफ्ट सुरू झालेली असायची. ते काम, आणि मागाहून त्या सकाळची गोळी द्यायचंही, नणंदेने आपणहून अंगावर घेतलं. भाची म्हणजे तिचा जीव की प्राण. ठकीला पहिल्यांदा सुई टोचली, तेव्हा पोरीपेक्षा आत्याच जास्त रडली होती. हल्ली मात्र दोघी लॅबमधून हसतखेळत घरी यायच्या. तेवढंच एक बरं चाललंय, असं आईला वाटायचं.

"फिट तर पहिल्याच डोसावर थांबल्या," आई म्हणाली. "पुढे तुम्ही वाढवत गेलात आणि ही अशी झाली. चालताना झोकांड्या खाते. एका वाटीच्या दोन वाट्या दिसतात तिला. शाळा सुटली."

"औषध रक्तात नाहीच, तर औषधाने झोकांड्या कशा जातील? आजारच वाढतोय. फिट थांबल्या हे तुमचं नशीब. आता नशिबावर भरवसा ठेवायचा की रिपोर्टवर, ते तुम्ही ठरवा."

आणि त्यांनी डोस आणखी वाढवला. ठकीकडे त्यांनी मान वर करून पाहिलंसुद्धा नाही.

नव्या डोसाने ठकीचं उभं राहणंही गेलं. डोळे भिरभिरायचे. घास तोंडाऐवजी गालाला लागायचा. हाक मारली की ओ द्यायची, पण कुठूनतरी लांबून. नणंद तिच्या उशाशी बसून डॉक्टरांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होती. पोर हातची चाललीय हे आईला दिसत होतं. आणि आपणच तिला गोळीमागून गोळी भरवतोय, हेही.

"वन्सं, घोळ लॅबमध्येच आहे," शेवटी ती म्हणाली. "बाटल्यांची अदलाबदल करतात मेले. माझी पोर म्हणजे त्यांच्या लेखी चिठ्ठीवरचं नाव आणि नंबर, बस्स. उद्या मी रजा टाकते. माझ्या डोळ्यांदेखत रक्त काढायला लावते."

"मीही येते," नणंद म्हणाली. "चांगली खरडपट्टी काढू त्यांची."

सकाळी लॅबमध्ये पाय ठेवल्या ठेवल्या आईने तोंड सोडलं. "कुणाचं रक्त कुणाच्या नावावर घालता तुम्ही?"

रक्त काढणाऱ्या बाईने हातमोजे चढवता चढवता तिच्याकडे पाहिलं. "ताई, जरा हळू. खुर्चीत एका वेळी एकच माणूस बसतं. सुई काढली की लगेच बाटलीवर चिठ्ठी लावते मी. यांना विचारा, या दर वेळी असतात."

"चिठ्ठी लावते खरी," नणंदेने नाइलाजाने कबूल केलं. "पण तुमचं ते मशीन गंडलं असेल."

"मशीन गंडलं असतं तर सगळ्यांचेच रिपोर्ट चुकले असते, मावशी."

"मग माझ्या लेकीचं औषध जातं कुठे?" आईचा आवाज चढला तशी रांगेतली माणसं वळून बघू लागली. "मी चोरून खाते? धडधाकट पोर होती माझी. आज तिला भिंतीला धरूनही उभं राहता येत नाही, आणि तुम्ही सगळे मिळून मलाच खोटं पाडताय. आज मी इथून हलायची नाही. सुई टोचल्यापासून बाटली मशीनमध्ये जाईपर्यंत इथेच उभी राहणार."

"राहा ना. माझी काही हरकत नाही," ती बाई म्हणाली, आणि तिने चिठ्ठीवरचं ठकीचं नाव पुकारलं.

खांद्यावर निजलेल्या ठकीला सावरत आई पुढे व्हायला लागली. तेवढ्यात नणंद तिला वळसा घालून गेली, नेहमीच्या सवयीने खुर्चीत बसली आणि तिने आपली बाही कोपराच्या वर सरकवली. "अशी काय बघतेस, वहिनी?" ती म्हणाली. "त्या एवढ्याशा हातांना सारखं सारखं कशाला टोचायचं? रक्तगट एकच आहे की आमचा."