मठ्ठ्यातला बर्फ

"काय कालवलंस रे जेवणात?" नवरदेवाच्या मामानं मांडवाचा बांबू आचाऱ्याच्या पाठीत हाणला. निम्मं वऱ्हाड उलट्या-जुलाबांनी दवाखान्यात पडलं होतं, नवरीला सलाईन लावलं होतं. आचारी कोसळला, तसा बाकीच्यांनी त्याला लाथांनी तुडवला.

तेवढ्यात दवाखान्यातून मांडवात आलेल्या डॉक्टरीणबाई मध्ये पडल्या. "थांबा! मठ्ठा न प्यायलेले सगळे ठणठणीत आहेत. मठ्ठ्यात बर्फ कुठला टाकलात?"

"मासे ठेवायचा, बाजारातला," आचारी रक्त थुंकत म्हणाला. "मी नको म्हणत होतो, बाई."

"अरे, बर्फात जंतू मरत नाहीत, दबा धरून बसतात! लादी आणली कुणी?"

लाथा थांबल्या. आचाऱ्यानं मान उचलून मामाकडे बघितलं. तो तोंड उघडणार, तोच मामानं बांबू थेट त्याच्या दातांवर घातला.